वाचनालयातली नवी माहितीपर पुस्तकं : वाचकांचे नेहमीचे प्रश्न

कादंबरी हवी असलेला वाचक बहुधा लेखकाचं नाव घेऊन येतो. चरित्र, इतिहास, विज्ञान, शेती, आरोग्य, कायदा यांतलं काही हवं असलेला वाचक प्रश्न घेऊन येतो. "मधुमेहावर नवीन काही आलंय का?", "पेशवाईवर खात्रीचं काय वाचू?", "मुलीला अवकाशाचं वेड लागलंय, तिला काय देऊ?" देवघेवीच्या टेबलापाशी संध्याकाळी गर्दी असली की अशा प्रश्नांना नीट उत्तर देता येत नाही आणि वाचक हाताला लागेल ते पुस्तक घेऊन घरी जातो. ही उत्तरं त्यासाठी सविस्तर लिहिली आहेत. ती महाराष्ट्रातल्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांचं कामकाज समोर ठेवून दिलेली आहेत. तुमच्या वाचनालयाचे नियम थोडेफार वेगळे असू शकतील.

माहितीपर पुस्तकं वाचनालयात नेमकी कुठे सापडतात?

मोठ्या वाचनालयांत मांडणी ड्युई दशांश पद्धतीने असते. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा आकडा पाहा. ३०० च्या घरात समाज, राजकारण, अर्थकारण, कायदा आणि शिक्षण. ५०० मध्ये विज्ञान. ६०० मध्ये आरोग्य, शेती, तंत्रज्ञान आणि पाककला. ७०० मध्ये कला आणि खेळ. ९०० मध्ये इतिहास, भूगोल आणि प्रवास. भारताच्या इतिहासाचा आकडा ९५४, चरित्रांचा ९२०.

यात मराठी वाचकाची एका ठिकाणी हमखास चुकामूक होते. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ आहे आणि आपल्याकडे व्यक्तिचित्रं, आठवणी, ललित अंगाने लिहिलेली प्रवासवर्णनं यांची केवढी मोठी परंपरा आहे! यातली बरीच पुस्तकं ९१० किंवा ९२० मध्ये न जाता कथा-कवितांच्या शेजारी ८९१.४६ मध्ये बसतात. क्रिकेटपटूचं चरित्र खेळाच्या कपाटात असू शकतं, गायिकेचं संगीताच्या. त्यामुळे एका कपाटात पुस्तक दिसलं नाही म्हणून ते वाचनालयात नाही असं धरू नका.

लहान वाचनालयांत साधी पद्धत असते. चरित्राला ‘च’, कादंबरीला ‘क’ अशी खूण आणि पुढे दाखल क्रमांक. अशा ठिकाणी कपाटात पुस्तकं विषयाने लागलेली नसतात, आलेल्या क्रमाने लागलेली असतात. तिथे यादी पाहा किंवा सरळ विचारा. मुक्तद्वार पद्धत असेल, म्हणजे वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ देत असतील, तर एक पुस्तक सापडल्यावर त्याच्या डावी-उजवीकडची पाच-सहा पुस्तकंही चाळा. माहितीपर पुस्तकांत सर्वांत चांगल्या भेटी अशाच घडतात.

पुस्तक ‘नवीन’ आहे हे कशावरून ओळखायचं?

मुखपृष्ठावरून ओळखू नका. पुस्तक उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर प्रकाशक, मुद्रक, हक्क आणि आवृत्ती यांचा मजकूर असतो, तो वाचा. ‘प्रथमावृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘सुधारित आवृत्ती’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. वर्ष नवं, माहिती जुनीच. सुधारित आवृत्तीत मजकुराला हात लावलेला असतो आणि प्रामाणिक लेखक काय बदललं ते प्रस्तावनेत सांगतो. काही प्रकाशक शके किंवा सण लिहितात, उदाहरणार्थ ‘गुढीपाडवा, शके १९४५’. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो.

आवृत्तीने किती फरक पडू शकतो याचं मराठीतलं फार बोलकं उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. वरसईच्या या भटजींनी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात जे पाहिलं ते लिहून ठेवलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केलं, पण मजकुरात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापली. म्हणजे जवळपास साठ वर्षं वाचक जे पुस्तक वाचत होते ते गोडसे भटजींनी लिहिलं तसं नव्हतं. आज बाजारात या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या मिळतात. कोणती हातात आहे हे पाहायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते पाहायलाच हवं.

वर्तमानपत्रात परीक्षण वाचलं, पण वाचनालयात पुस्तक नाही. इतका उशीर का होतो?

पैसा आणि प्रक्रिया, दोन्ही कारणं आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार शासनाचं अनुदान मिळतं. ते हप्त्यांनी येतं, पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या अखेरीला. त्यामुळे अनेक वाचनालयांची मोठी खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. वर्गणीच्या पैशातून अधूनमधून काही पुस्तकं घेतली जातात आणि त्यात वाचकांच्या ओठांवर नाव असलेली कादंबरी पुढे जाते.

पुस्तक आल्यावरही ते लगेच टेबलावर येत नाही. दाखल नोंदवहीत नोंद, शिक्का, वर्गीकरण, संगणकात किंवा कार्डावर नोंद, पाठीवर चिठ्ठी, कव्हर. एका ग्रंथपालावर आणि एका शिपायावर चालणाऱ्या वाचनालयात मार्चमध्ये गठ्ठा आला तर शेवटचं पुस्तक मे महिन्यात हाती पडतं.

खेरीज ग्रंथालय संचालनालय दरवर्षीच्या प्रकाशनांतून शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं आणि कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आपल्या योजनांतून पुस्तकं पुरवतं. प्रतिष्ठान १९७२ पासून काम करतं आहे. या दोन्ही वाटांनी चांगली, महागडी माहितीपर पुस्तकं छोट्या गावापर्यंत पोचतात, पण ती प्रकाशित झाल्यावर बऱ्याच काळाने.

मग मला हवं ते पुस्तक वाचनालयाने घ्यावं यासाठी काय करू?

मागणी नोंदवा. तोंडी सांगू नका, वहीत लिहा.

या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून जरा थांबून सांगते. कादंबरीला तिचा वाचकवर्ग आपोआप मिळतो. ग्रंथ निवड समितीला तिची आठवण करून द्यावी लागत नाही. माहितीपर पुस्तकाचं तसं नसतं. नद्यांच्या प्रदूषणावरचं चारशे पानांचं पुस्तक घ्यायचं का, असा विषय समितीपुढे येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "हे वाचणार कोण?" त्या वेळी मागणी वहीत तुमचं नाव, वर्गणीदार क्रमांक आणि पुस्तकाचं नाव असेल तर उत्तर समोर असतं. नसेल तर तेवढ्याच पैशात चार कादंबऱ्या येतात. कपाटात विज्ञानाची आणि अर्थशास्त्राची पुस्तकं जुनाट दिसतात त्याला वाचकांचं मौन बऱ्याच अंशी कारणीभूत आहे असं माझं ठाम मत आहे.

नोंद करताना पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि किंमत लिहा. मलपृष्ठावर तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक असतो, तो मिळाला तर उत्तमच. एकाच नावाच्या दोन पुस्तकांत घोटाळा होत नाही. पुस्तक का हवं तेही एका ओळीत लिहा. ‘गावातल्या बचत गटाला उपयोगी’, ‘दहावीच्या मुलांना प्रकल्पासाठी’ अशी ओळ समितीला निर्णय घ्यायला मदत करते. दोन-तीन वाचकांनी मिळून एकच मागणी केली तर तिचं वजन वाढतं. महिन्याभराने चौकशी करा. ग्रंथपालाला त्याचा राग येत नाही.

आणि पुस्तक आलं की ते घरी न्या. मागवलेलं पुस्तक वर्षभर कोणीच नेलं नाही तर पुढच्या वेळी समिती त्या विषयाकडे वळत नाही.

नव्या माहितीपर पुस्तकांची खबर कुठे मिळते?

रविवारच्या पुरवण्यांतली परीक्षणं हा जुना आणि अजूनही चांगला मार्ग. १९६४ पासून निघणारं ‘ललित’ हे तर पुस्तकांविषयीचंच मासिक. ते बहुतेक वाचनालयांत येतं. प्रकाशकांची स्वतःची मासिकं आणि सूचिपत्रंही येतात. ती मुक्त वाचन विभागात कोपऱ्यात पडलेली असतात, मागून घ्या. प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिराती त्यांतच सापडतात.

प्रत्यक्ष हाताळून पाहायची तर अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन, जिल्ह्याजिल्ह्यांतले ग्रंथोत्सव आणि पुण्यात २०२३ पासून फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरात भरणारा पुणे पुस्तक महोत्सव. २७ फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास राज्य वाङ्मय पुरस्कारांची यादी येते. वर्तमानपत्रं त्यातल्या कादंबरी-कवितेच्या पुरस्कारांना मोठा मथळा देतात. तुम्ही खालची छोटी नावं वाचा: चरित्र, आत्मचरित्र, इतिहास, विज्ञान, शेती, शिक्षण. साहित्य अकादमीने १९५५ साली मराठीसाठी पहिला पुरस्कार दिला तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या वैदिक संस्कृतीवरच्या ग्रंथाला, एका वैचारिक पुस्तकाला, हे आज फारसं कोणाच्या लक्षात नसतं.

पुस्तक विश्वासार्ह आहे की नाही हे कसं ओळखू? मी काही त्या विषयाचा जाणकार नाही.

जाणकार नसतानाही पाच मिनिटांत पुष्कळ कळतं. पुस्तक मागून उघडा. शेवटी संदर्भग्रंथांची यादी आहे का? असेल तर ती नुसती नावांची भरताड आहे, की कोणतं विधान कुठून घेतलं ते पानापानावर टिपांत दाखवलं आहे? व्यक्ती, स्थळं आणि विषय यांची सूची आहे का? मराठीत सूची नसलेली माहितीपर पुस्तकं अजूनही फार निघतात. पाचशे पानांच्या इतिहासात साताऱ्याचा उल्लेख कुठे कुठे आहे हे शोधायला वाचकाने पुन्हा पाचशे पानं उलटायची का? प्रकाशकाने थोडा खर्च वाचवला आणि त्याची भरपाई प्रत्येक वाचकाला आपल्या वेळाने करावी लागली, असं ते होतं. सूची असलेलं पुस्तक दिसलं की ते लेखकाने आणि संपादकाने कष्टाने केलंय असं मी समजते.

मग प्रस्तावना वाचा. दुसऱ्या कोणी कौतुकाने लिहिलेली नव्हे, लेखकाचं मनोगत वाचा. तो कुठे गेला, कोणाशी बोलला, कोणती कागदपत्रं पाहिली हे सांगतो का? की नुसते आभार आहेत? आपल्याला काय सापडलं नाही हे मोकळेपणाने लिहिणारा लेखक सहसा भरवशाचा असतो.

यापुढची कसोटी माझ्या सर्वांत आवडीची. तुम्हाला स्वतःला जे पक्कं माहीत आहे त्याविषयीचं पान शोधा. तुमचं गाव, तुमचा धंदा, तुमच्या भागातलं पीक, तुम्ही नोकरी केली ते खातं. तुम्ही विणकर असाल तर हातमागावरचं प्रकरण पाहा, एसटीत असाल तर वाहतुकीवरचं. तिथे लेखक बरोबर असेल तर जे तुम्हाला ठाऊक नाही त्याबाबतही त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

सावध राहायचं ते घाईच्या पुस्तकांपासून. एखादी मोठी व्यक्ती गेली, निवडणूक झाली, यान चंद्रावर उतरलं की काही आठवड्यांत पुस्तकं येतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हाही तेच झालं. त्यात एखादं चांगलं निघतं, पण बरीचशी बातम्यांची जुळवाजुळव असते. वर्ष-दोन वर्षं थांबून निघालेलं पुस्तक जास्त टिकतं.

शिवकालाबद्दल, पेशवाईबद्दल वाचायचं आहे. ऐतिहासिक कादंबरी वाचली तर चालेल ना?

कादंबरी म्हणून अवश्य वाचा. इतिहास म्हणून वाचू नका. मराठी मनावर ऐतिहासिक कादंबऱ्यांचा इतका गाढ ठसा आहे की कादंबरीकाराने रचलेला संवाद वाचक पुढे खऱ्या व्यक्तीचं वाक्य म्हणून उद्धृत करतात. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत हे दर वर्षी ऐकू येतं. कादंबरीकाराला ती मोकळीक आहेच, पण वाचकाने दोन कपाटं मनात वेगळी ठेवायला हवीत.

इतिहासाच्या पुस्तकात लेखक कशावर उभा आहे ते बघा. समकालीन पत्रं आणि सनदा यांचं वजन जास्त, नंतर लिहिलेल्या बखरींचं कमी. सभासदाची बखर जुन्यातली आणि मोलाची, पण तीही महाराजांच्या निधनानंतर दीड दशकाने लिहिलेली आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडांमागून खंड छापली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, आणि दप्तरांतले कागद एकेक करून उजेडात येत गेले. नव्या कागदाने जुना समज कसा बदलतो याचं उदाहरण घरोघरी माहीत आहे. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष पूर्वी १६२७ मानलं जाई. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची नोंद, प्रसिद्ध केली, तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे इतर पुरावे तिच्या बाजूने आले आणि आज शासनही तीच तारीख मानतं. कपाटातल्या जुन्या पुस्तकात १६२७ दिसलं तर लेखकाला दोष देण्याआधी पुस्तकाचं साल बघा.

आरोग्य, कायदा, कर, शेती यांवरचं जुनं पुस्तक चालेल का?

नाही. या विषयांत जुनं पुस्तक नुसतं निरुपयोगी नसतं, ते नुकसान करतं.

कायद्यात पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. कलमांचे आकडे बदलले. त्याआधीचं फौजदारी कायद्याचं सोपं पुस्तक आता फक्त जुने खटले समजून घ्यायला उपयोगी. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीच्या हक्काबद्दल बायका वाचनालयात येऊन हळू आवाजात विचारतात. त्यांना मी २००५ आधीचं पुस्तक कधीच देत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच वाटा दिला आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. २०२० नंतरचं पुस्तक मागा. प्रत्यक्ष दावा करायचा तर वकिलाकडे जा. पुस्तक तुम्हाला योग्य प्रश्न विचारायला शिकवतं.

आरोग्यातही तसंच. क्षयरोगाची औषधं आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात आठवड्यातून तीन दिवस दिली जात. २०१७ पासून ती रोज दिली जातात. जुन्या पुस्तकात तीन दिवसांचा तक्ता छापलेला असेल. म्हणून आरोग्यावरचं पुस्तक शक्यतो पाच वर्षांच्या आतलं, डॉक्टरने किंवा आहारतज्ज्ञाने लिहिलेलं, आणि ‘हमखास’, ‘रामबाण’, ‘मुळापासून नष्ट’ असले शब्द मुखपृष्ठावर नसलेलं घ्या. औषध मात्र पुस्तक वाचून सुरू करू नका आणि बंद तर मुळीच करू नका.

शेतीच्या जुन्या पुस्तकांत एंडोसल्फान फवारण्याचा सल्ला अजून वाचायला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर २०११ मध्ये बंदी घातली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका स्वस्त असतात, आपल्या हवामानाला धरून असतात आणि वेळोवेळी सुधारल्या जातात. त्या दिसायला साध्या म्हणून मागे पडतात. मला विचाराल तर गावच्या वाचनालयात त्या पुढच्या फळीवर असाव्यात.

इतर भाषांतल्या पुस्तकांचे अनुवाद घ्यावेत का?

घ्या. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, जगाचा इतिहास, उद्योजकांची चरित्रं या भागात आज मराठीत येणारं पुष्कळसं नवं लेखन अनुवादितच आहे. फक्त तीन गोष्टी तपासा. मूळ पुस्तकाचं नाव आणि वर्ष दिलं आहे का? पूर्ण अनुवाद आहे की संक्षेप? अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर किंवा निदान आत ठळक आहे का? जो प्रकाशक अनुवादकाचं नाव लपवतो त्याने कामही घाईत करून घेतलेलं असण्याचा संभव असतो.

एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहा. वाक्य दोनदा वाचूनही अर्थ लागत नसेल तर दोष तुमच्या बुद्धीचा नाही. पारिभाषिक शब्द अडले तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संदर्भ विभागात असतात आणि महाजालावरही पाहता येतात.

चरित्रं आणि आत्मचरित्रं फार आहेत. सुरुवात कुठून करू?

ज्या कामाबद्दल तुम्हाला कुतूहल आहे ते काम करणाऱ्या माणसापासून. थोर म्हणून कोणाचं तरी चरित्र वाचायला घेतलं की ते अर्ध्यात राहतं. परिचारिका, वनाधिकारी, शिक्षक, वैज्ञानिक, कामगार पुढारी, लोककलावंत अशा अनेकांनी मराठीत लिहिलं आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या दलित आत्मकथनांनी तर ज्यांच्या जगण्याची नोंदच कधी झाली नव्हती त्यांना पानावर आणलं. ते वाचल्याखेरीज महाराष्ट्राचा समाज कळला असं म्हणता येणार नाही.

ज्याचं चरित्र लिहायचं तो दूर, परक्या देशातला असला तरी चालतं हेही मराठीने दाखवलं आहे. ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ मध्ये आलेलं चरित्र एका कृष्णवर्णीय अमेरिकन शेतीशास्त्रज्ञाचं. त्याच्या लेखिका वीणा गवाणकर स्वतः ग्रंथपाल. चार दशकं उलटली तरी ते पुस्तक वाचनालयात आठवडाभर एका जागी राहत नाही.

मुलांना काय द्यावं?

चित्रं, नकाशे, आकृत्या स्पष्ट असलेलं पुस्तक द्या आणि वयापेक्षा आवडीकडे बघा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणते आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं स्वस्त आणि चांगली छापलेली असतात. प्रकल्पासाठी मूल आलं तर त्याला मराठी विश्वकोशाचा खंड काढून द्या. वाईच्या मंडळाने केलेलं हे वीस खंडांचं काम आता महाजालावरही मोफत आहे. नकाशांच्या बाबतीत मात्र साल पाहा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा छत्तिसावा जिल्हा झाला, त्याआधीच्या नकाशात तो नसणार.

मुदतीत पुस्तक वाचून होत नाही. काय करू?

मुदत वाढवून घ्या. दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर बहुतेक ठिकाणी वाढवून मिळते. माहितीपर पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंच पाहिजे असंही नाही. अनुक्रमणिका पाहून हवी ती दोन प्रकरणं वाचलीत तरी पुस्तकाचा उपयोग झाला. कोश, गॅझेटियर, दुर्मिळ ग्रंथ घरी नेता येत नाहीत. ते संदर्भ विभागात बसून वाचावे लागतात, तेव्हा वही-पेन्सिल बरोबर आणा.

डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी काही सोय आहे का?

आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग वाचकांसाठी पुस्तकाचं ब्रेल, ध्वनी किंवा संगणकीय रूप करायला परवानगीची आडकाठी राहिलेली नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालया’त अशी पुस्तकं नोंदणी करून मिळतात. घरातल्या वडीलधाऱ्यांची दृष्टी अधू झाली असेल तर ग्रंथपालाकडे हा विषय काढा, नोंदणीसाठी मदत मागा.

आमच्या गावात वाचनालयच नाही, किंवा मी परदेशात राहतो. माझ्यासाठी काय?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यात संतसाहित्यापासून शास्त्रीय विषयांपर्यंतचे, बाजारात कधीच न मिळणारे ग्रंथ आहेत. राज्याच्या गॅझेटियरचे खंडही महाजालावर सापडतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात मराठी भाषा निवडून शोध घेता येतो. ही सगळी बहुतांश जुनी पुस्तकं. अगदी नवी पुस्तकं मोफत मिळणार नाहीत आणि लेखकाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ कृपा करून पुढे पाठवू नका. पाचशे-हजार प्रतींवर उभ्या असलेल्या मराठी माहितीपर पुस्तकाला तो घाव सोसत नाही.

महाराष्ट्रात असाल तर शासकीय जिल्हा ग्रंथालयाचं सदस्यत्व घ्या. गोव्यातल्या वाचकांना पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकं मिळतात; त्या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ सालची. महाबळेश्वरला गेलात तर वाट वाकडी करून भिलारला थांबा. २०१७ पासून हे पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत विषयवार पुस्तकं मांडली आहेत आणि बसून वाचायला पैसे पडत नाहीत.

घरातली पुस्तकं वाचनालयाला द्यायची आहेत. सगळी घेतील का?

सगळी घेणार नाहीत. जुनी पाठ्यपुस्तकं, कालबाह्य कायद्याची आणि संगणकाची पुस्तकं, वाळवी लागलेले गठ्ठे कोणत्याच वाचनालयाला ठेवता येत नाहीत. दाखल केली तरी पुढे निर्लेखनात, म्हणजे नोंदीतून कमी करून, काढावी लागतात. आधी यादी करून आणा. स्थानिक इतिहास, गावाच्या किंवा संस्थेच्या स्मरणिका, कुलवृत्तान्त, शताब्दी ग्रंथ, सहकारी संस्थांचे जुने अहवाल हे मात्र रद्दीत घालण्याआधी जरूर दाखवा. असल्या गोष्टी दुकानात विकत मिळत नाहीत आणि तुमच्या तालुक्यावर उद्या कोणी लिहायला बसलं तर त्याला पहिल्यांदा त्याच लागतील. रोख देणगी द्यायची असेल तर विषय सांगून द्या, ‘यातून विज्ञानाची पुस्तकं घ्यावीत’ असं पत्रात लिहा. समिती ती अट पाळते आणि पावतीवर तसा उल्लेख करून मिळतो.